व्हेरोनिकेच्या डोळ्याखालची गाठ

"इंगाय, ही ती नव्हे."

पडद्याआड फौस्तिनाच्या मुखातून हे शब्द निघाले, तेव्हा दोमिंगाच्या, म्हणजे घरच्यांच्या इंगायच्या, दोन्ही हातांत संत व्हेरोनिकेच्या मूर्तीचा केसांचा टोप होता. तो टोप त्यांच्या आईच्या, नानाय बासिलियाच्या, तरुणपणच्या केसांचा. आई जाऊन अजून वर्ष झाले नव्हते, आणि तिच्या केसांचा भार मात्र लेकीच्या हातांत एखाद्या झोपलेल्या प्राण्यासारखा उबदार लागत होता.

"ही ती नव्हे म्हणजे काय, दित्से?" दोमिंगाने धाकट्या बहिणीच्या नम्रतेने विचारले, परंतु ज्याला उत्तर आधीच ठाऊक असते अशा माणसाच्या स्वरात विचारले.

"डाव्या डोळ्याखाली बघ. गाठ कुठाय?"

दोमिंगाने पाहिले. पाहण्याची तिला काहीच आवश्यकता नव्हती.

आजोबा लोलो सिक्स्तो यांनी बातिकुलिंगच्या ज्या ओंडक्यातून हे मस्तक कोरले, त्या ओंडक्याच्या पोटात एक गाठ निघाली होती, आणि ती नेमकी डाव्या डोळ्याखाली आली. दुसऱ्या कोणी तो ओंडका चुलीत घातला असता. लोलोंनी तो ठेवला. गाठीवर रंग कधीच धरला नाही; दरवर्षी तेथे पोपडा सुटे आणि लाकडाचा तांबूस डाग उघडा पडे. साऱ्या पाएते गावाने त्या डागाला व्हेरोनिकेचा अश्रू मानले होते. म्हाताऱ्या स्त्रिया त्यावर रुमाल टेकवीत आणि तोच रुमाल आपल्या अधू डोळ्यांना लावीत. आज त्या जागी गुळगुळीत, गुलाबी, निरोगी गाल होता. तो गाल पाहून दोमिंगाला, आजारी माणसाच्या अंथरुणावर कोणी परकाच निजलेला आढळावा तसे वाटले.

"बाई ग!" थोरल्या भावाची, तेर्योची, बायको पास्तोरा आलेचहाचा पेला हातात घेऊन पडद्यातून डोकावली, आणि बाहेर बसलेल्या पुरुषांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "म्हणजे सासूबाई गेल्या आणि मागोमाग व्हेरोनिकापण गेली की काय घरातनं?"

"काय झालं?" बाहेरून थोरल्या तेर्योचा आवाज आला. "झाकलंय का तिला? येऊ का आत?"

"थांब, कुया!" फौस्तिना थोरल्या भावावर ओरडली. स्त्रीमूर्तीची वस्त्रे स्त्रियांनीच उतरवावीत आणि तोवर पुरुषांनी पडद्याबाहेर पाठ करून बसावे, हा नियम या घरात युद्धाच्या काळातही मोडला गेला नव्हता. दोघी बहिणींनी घाईघाईने मूर्तीच्या खांद्यांभोवती पांढरी चादर गुंडाळली, आणि मग फौस्तिनाने पडदा असा काही सारला की जणू न्यायालयाचे दार उघडत आहे.

तेर्यो आत आला. त्याच्या मागून धाकटा लियांद्रो आला, आणि दारापाशीच भिंतीला टेकून उभा राहिला.

तेर्योने आयुष्याचा उत्तम काळ प्रवासी जहाजांवर बर्फ कोरण्यात घालविला होता. राजहंस, मासे, पंख पसरलेले देवदूत. त्याची कारागिरी पाहुण्यांचे जेवण आटोपण्यापूर्वीच वितळून परातीत पाणी होई. म्हणूनच की काय, जे टिकलेले आहे त्याविषयी त्याच्या मनात एक प्रकारचा राग होता. त्याने व्हेरोनिकेच्या मुखाकडे बराच वेळ पाहिले, आणि मग तो वळला तो मूर्तीकडे नव्हे, माणसांकडे.

"तिच्या कपाटाची किल्ली कुणाकडं असते?"

किल्ली दोमिंगाच्या गळ्यात होती. सर्वांना दिसत होती.

"नानाय होती तोवर नानायच्या गळ्यात होती," दोमिंगा म्हणाली. "मातीला नेताना तूच काढून माझ्या हातात दिलीस, कुया."

"हो. आणि त्या वेळी मला काय ठाऊक, की आत काय ठेवलंय नि काय नाही!"

येथे सांगितले पाहिजे की त्या दिवशी त्या खोलीत केवळ मूर्तीला वस्त्रे नेसवायची नव्हती. वस्त्र नेसवून झाल्यावर व्हेरोनिकेच्या हातांत प्रभूचा चेहरा तीनदा उमटलेले ते त्रिमुखी कापड द्यायचे, आणि त्याची शेवटची टाचणी जो लावील तोच पुढे तिचा राखणदार, अशी घराण्याची रीत होती. ती टाचणी आजवर नानाय लावीत आली. आता ती कोण लावणार, हे आज ठरायचे होते; आणि थोरली बहीण मठात जाऊन संन्यासिनी झाल्यामुळे हक्क सांगणारे चौघे उरले होते. त्यातच खालच्या आळीच्या मंडळींनी एक नवीकोरी व्हेरोनिका घडवून ठेवली होती. उद्या, पवित्र सप्ताहातल्या बुधवारी, मिरवणुकीत चौकात प्रभूची मूर्ती समोर येईल, गाड्याखालून दोर ओढला जाईल, व्हेरोनिका वाकेल आणि प्रभूचे मुख पुसील. त्या क्षणी यांची व्हेरोनिका तेथे नसली, तर दुसरी वाकायला तयारच होती. एकदा गेलेला मान परत येत नसतो.

"मी एक विचारते, राग मानू नका," पास्तोरा म्हणाली. राग यावा अशीच तिची इच्छा होती. "मनिलात जुन्या मूर्तींचं दुकान कुणाचं आहे?"

फौस्तिनाच्या नाकपुड्या फुलल्या. "वहिनी, दुकान माझं आहे, म्हणूनच मला कळलं. तुम्ही दरवर्षी समोर गुडघे टेकत होता, तुम्हाला दिसली का गाठ गेलेली?"

"आम्ही पडलो अडाणी. आम्ही देव बघतो, किंमत नाही बघत."

"ऐकलंस, कुया? तुझी बायको मला चोर म्हणते."

"तिनं तसं म्हटलं नाही," तेर्यो म्हणाला. पण तिने तसे म्हणू नये असेही तो म्हणाला नाही. "मी म्हणतो, आधी ह्या शहाण्याला विचारू." त्याने लियांद्रोकडे बोट केले. "गेल्या साली मनिलात तू जे टांगलं होतंस, पेपरात फोटो आला होता, छतापासून लोंबणारी कागदाची तोंडं. पेपर उघडल्याबरोबर मी काय म्हटलं, पास्तोरा?"

"'ही तर आपली व्हेरोनिका,' असं म्हणालात."

"तर बुन्सो," तेर्यो म्हणाला. शेंडेफळाला लाडाने म्हणायचा तो शब्द त्याच्या तोंडी शिवीसारखा झाला. "कागद चिकटवल्याशिवाय कागदाचं तोंड निघत नाही. लाकडावर तेल चोपडायचं, खळ लावून थरावर थर द्यायचे, वाळलं की चिरून काढायचं. गावातलं शेंबडं पोर कागदाचा घोडा तसाच करतं. तू तिच्या तोंडावर कागद चिकटवलास, रंग उपटून आला, मग तू घाबरलास आणि दुसरं डोकं आणून बसवलंस. सांग, खोटं आहे का?"

"मी आठवणीतनं केली ती तोंडं," लियांद्रो म्हणाला. त्याची दृष्टी मात्र मूर्तीच्या डाव्या गालावर गेली आणि चटका बसावा तशी माघारी आली. दोमिंगाने ते टिपले.

"आठवणीतनं! जन्मभर कागदी घोडे नाचवलेस, आता कागदी देवी!"

"वितळत तरी नाहीत माझे घोडे, कुया."

तेर्योने हात उगारला. फौस्तिना मध्ये पडली. शेजारच्या मांडवातून प्रभूच्या यातनांचे पठण ध्वनिवर्धकावरून अखंड चालले होते. म्हणणारी स्त्री थकली होती, तिचा स्वर प्रत्येक ओळीच्या शेवटी घसरत होता, आणि त्या घसरत्या स्वराखाली ही भावंडे एकमेकांकडे पाहत उभी होती.

दोमिंगा बोलत नव्हती. तिच्या अंतःकरणात संशयाचे जे बिऱ्हाड होते ते आजचे नव्हते.

काही वर्षांपूर्वी तिने टोप उतरवला, आणि व्हेरोनिकेचे ओठ तिला बदललेले दिसले होते. मूळचे ओठ फिकट होते, बराच वेळ पाणी न मिळालेल्या बाईसारखे. नवे ओठ भरलेले होते. तिला त्याच क्षणी फौस्तिनाची आठवण झाली, कारण दुकानात विकायच्या मूर्तींना ती असेच ओठ देते. पुढे वादळाच्या वर्षानंतर नाक बदलले. किंचित बारीक झाले, कडेला पटाशी फिरल्याची अस्पष्ट धार आली. तेव्हा तेर्यो रजेवर आला होता. आणि गेल्या वर्षीची मिरवणूक झाल्यावर, नानाय जाण्यापूर्वी, गाठ नाहीशी झाली. प्रत्येक वेळी दोमिंगाच्या मनात संशयाची एक पाचर ठोकली गेली, आणि प्रत्येक वेळी तिने तोंड मिटून ठेवले.

याला कारण नानाय. नानायची दृष्टी मंदावत गेली होती. वस्त्रे नेसवून झाली की ती दरवर्षी खुर्चीतून विचारी, "इंगाय, तीच आहे ना ग?" आणि दोमिंगा म्हणे, "तीच आहे, नानाय." आईला जे दिसत नाही ते आपण का दाखवावे, असे ती स्वतःला समजावी. परंतु खरी गोष्ट अशी होती की तिला भीती वाटत होती. हे मस्तक खोटे असेल, तर आपण इतकी वर्षे कोणापुढे दिवा लावला? आणि मरणाऱ्या आईला आपण काय सांगत आलो?

"एकच मार्ग आहे," तेर्यो म्हणाला. "दात."

सर्वांच्या नजरा मूर्तीच्या डोक्याकडे वळल्या.

ती कथा सर्वांनी ऐकली होती, पाहिली कोणी नव्हती. मूर्तीला काचेचे डोळे बसवायचे म्हणजे चेहरा मुखवट्यासारखा कापून वेगळा करावा लागतो. आतून पोकळ करून डोळे बसवितात, आणि मग चेहरा सरसाने पुन्हा जोडून सांध्यावर खडूचा लेप देतात. लोलो सिक्स्तोंनी चेहरा जोडण्यापूर्वी त्या पोकळीत आपल्या चिमुरड्या बासिलियाचा पडलेला दुधाचा दात ठेवला होता. म्हणजे नानायचा दात त्या मस्तकात होता. असावयास हवा होता.

तेर्यो बाहेर गेला आणि आपली जुनी हत्यारांची पेटी घेऊन परत आला. त्याने एक रुंद पटाशी निवडली, अंगठ्यावर तिची धार पाहिली, आणि दुसऱ्या हातात मोगरी घेतली.

"कानामागनं सांधा जातो. एक ठोका. दात निघाला तर तिघांच्या पाया पडतो मी. नाही निघाला तर पुढचं पुढं."

"आणि उद्या?" फौस्तिनाने विचारले. "लेप वाळेल उद्यापर्यंत? रंग वाळेल? चिरलेलं तोंड घेऊन चौकात न्यायची तिला?"

"खोटी असली तर न्यायचीच कशाला?"

फौस्तिनाने क्षणभर विचार केला. तिच्या मनात काय चालले असेल ते दोमिंगाला वाचता येत होते. ती नकार देईल तर पास्तोराला आयतेच कोलीत मिळेल. "उघड," फौस्तिना म्हणाली. "मला काय भीती? उघड."

"बुन्सो?"

लियांद्रोच्या कपाळावर घाम आला होता. "तुम्ही सगळे म्हणत असाल तर..." एवढेच तो बोलला.

तेर्योने मूर्तीच्या मागे जाऊन टोप उतरवलेल्या उघड्या डोक्यावर पटाशीचे टोक शोधीत शोधीत कानामागे आणले. आणि त्याच्या मनगटावर दोमिंगाचा हात पडला.

"नाही."

"इंगाय, बाजूला हो."

"नाही उघडायचं. मी नाही उघडू देणार."

"का?"

आत दात नसला तर, हे ती बोलू शकत नव्हती. आणि ते न बोलल्यामुळे तिचे मौन सर्वांच्या कानांत भलतेच काही बोलून गेले.

पास्तोराने पेला खाली ठेवला. "घ्या! आम्ही दुकानवालीला बोललो, कागदवाल्याला बोललो. किल्ली कुणाच्या गळ्यात, हेच विसरलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"वहिनी, तोंड सांभाळा!" दोमिंगा म्हणाली.

"मी सांभाळते ग. पण बघ ना, आत काही नाही हे ज्याला माहीत असतं, तोच उघडायला घाबरतो."

दोमिंगाने फौस्तिनाकडे पाहिले. एवढा वेळ शत्रू असलेली बहीण आता वहिनीच्या बाजूला सरकली होती. शरीराने सुद्धा, अर्धे पाऊल. "इंगाय," फौस्तिना हळू आवाजात म्हणाली, "काही झालं असेल तर आत्ता सांग. औषधपाण्याला लागले असतील पैसे, मी समजू शकते. कुणाला दिलंस मूळ डोकं? मी माणसं ओळखते, अजून परत मिळेल."

बहिणीच्या दयेने ती जितकी दुखावली, तितकी तिच्या आरोपाने दुखावली गेली नसती. आईचे मलमूत्र तिने काढले, रात्री तिने जागविल्या, आणि आता त्याच सेवेचा पुरावा तिच्याविरुद्ध उभा केला जात होता. तिने तेर्योचे मनगट सोडले नाही. तेर्योने तिचा हात सहज बाजूला केला. त्याने मोगरी उचलली.

"थांब, कुया!" लियांद्रो इतक्या जोराने ओरडला की मांडवातले पठण क्षणभर थांबल्यासारखे वाटले. "गाठ आहे! गाठ तिथंच आहे. मी बुजवली."

मोगरी हवेतच राहिली.

"काय केलंस?"

"बुजवली. कागदाचा लगदा, खळ, वरून बारीक घासून रंग. नानायनं सांगितलं म्हणून." तो भिंतीवरून घसरत खाली बसला. "ती म्हणाली, माझ्या बोटांना पोपडा लागतो, लोक म्हणतील बासिलियाची पोरं मूर्तीकडं बघत नाहीत. किल्ली गळ्यातनं काढून दिली मला. म्हणाली, कुणाला सांगू नकोस."

"तुला?" तेर्योचा चेहरा बदलला. "किल्ली तुला दिली तिनं?"

"हो. म्हणाली... जाऊ दे."

"काय म्हणाली?"

लियांद्रोने मान खाली घातली. "म्हणाली, 'तुझाच हात लोलोसारखा आहे. बाकीच्यांना कशाला सांगायचं.'"

फौस्तिनाच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला, पण ते हसणे नव्हते. ती खाटेच्या कडेवर बसली.

"असं म्हणाली? ह्याच शब्दांत?"

"ह्याच."

"अरे, मला पण हेच म्हणाली!" फौस्तिना म्हणाली. "ओठ मी रंगवले. दुपारचं, खिडकी लावून. 'फौस्तिना, तुझाच हात लोलोसारखा आहे, बाकीच्यांना कशाला सांगायचं.' आणि असंही म्हणाली, की माझ्यामागं ही तुझी."

"तुझी?" लियांद्रोने डोके वर केले. "मला म्हणाली, तुझी."

आता सर्वांनी तेर्योकडे पाहिले. तो पटाशी हातात घेऊन उभा होता, आणि त्याच्या दाढीच्या खुंटांमधून रक्त चढत होते. पास्तोरा त्याच्याकडे पाहत राहिली. नवऱ्याची एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, हे तिला त्या क्षणी प्रथमच कळत असावे.

"वादळात नाकाचा टवका गेला होता," तेर्यो अखेर म्हणाला. "मी बसवला. थोडंसं तासलं."

"अहो! मला कधी सांगितलं नाहीत!"

"तिनं सांगितलं होतं, कुणाला सांगू नकोस म्हणून!"

"आणि काय म्हणाली?" फौस्तिनाने विचारले. "म्हण ना, कुया. तुझ्या तोंडून ऐकू दे."

तेर्यो पटाशीची धार न्याहाळू लागला. परंतु जहाजांवर आयुष्य घालविलेल्या त्या माणसाला आपल्या आईने कोणते शब्द दिले असतील, आणि ते त्याने किती समुद्रांवरून छातीशी धरून नेले असतील, हे सांगण्याची गरज उरली नव्हती.

पास्तोरालाच प्रथम हसू फुटले. "काय बाई होती! तीन पोरं, एक मूर्ती, आणि तिघांना पुरवली!" मग फौस्तिना हसली, मग लियांद्रो, आणि हसता हसता फौस्तिनाने डोळे पुसले.

दोमिंगा हसली नाही.

तिला नानाय असे कधीच म्हणाली नव्हती. हात लोलोसारखा असल्याचे नाही, मूर्ती तुझी असल्याचेही नाही. तिला आठवले की मधूनमधून नानाय तिला उगाचच शेजारच्या सांता क्रूझ गावच्या बाजारात पाठवी. लेस आण, मेणबत्त्या आण, चांगला मासा बघून आण, घाई करू नकोस. ती परत येई तेव्हा मोरीत कॉफीचे दोन पेले धुऊन उपडे घातलेले असत, आणि नानायच्या आंधळ्या होत चाललेल्या मुखावर एक अशी तृप्ती असे की जी दोमिंगाच्या रोजच्या सेवेने कधी आली नाही. तेव्हा तिने त्या तृप्तीचाही संशय घेतला होता. आईने कोणाला काय दिले, याचा हिशेब ती मनात करीत राहिली होती. मूल जवळ असले की त्याला बोलावावे लागत नाही. जी मुले दूर गेली, त्यांना घरी आणायला म्हाताऱ्या बाईजवळ दुसरे काय होते? एक मूर्ती, एक किल्ली आणि एक वाक्य.

ती उठली. तिने चुलीवरच्या भांड्यातले कोमट पाणी वाटीत घेतले, त्यात स्वच्छ सुती चिंधी बुडविली, आणि व्हेरोनिकेच्या डाव्या गालावर धरून ठेवली. वरचा रंग सुरकुतला. मग खालचा लगदा मऊ झाला आणि तिच्या नखाखाली तो साईसारखा निघून येऊ लागला. लियांद्रो उठून जवळ आला होता; आपले काम असे निघताना पाहून त्याच्या ओठांची हालचाल झाली, पण तो थांबला.

तांबूस गाठ उघडी पडली. ओली असल्यामुळे ती अधिकच गडद दिसत होती.

"बघा," लियांद्रो म्हणाला. "आहे की नाही?"

फौस्तिना खाली वाकली. तिने गाठीकडे दुकानदाराच्या नजरेने पाहिले, आणि दोमिंगाला कळून चुकले की संशय म्हणून जी वस्तू असते ती अशी एका चिंधीने पुसली जात नाही. "गाठ करतातसुद्धा," फौस्तिना पुटपुटली. "मी पाहिल्यात केलेल्या. जुन्या लाकडाचा तुकडा बसवतात."

"दित्से!" लियांद्रो म्हणाला.

"मी म्हणत नाही तसं केलंय. करतात, एवढंच म्हणते."

तेर्योने पटाशी काखेत धरली आणि अंगठा गाठीवर टेकवला. त्याने डोळे मिटले. लहानपणी लोलो सिक्स्तो त्याला उचलून घेत आणि त्याचा अंगठा तेथे टेकवीत, हे दोमिंगाला ऐकून ठाऊक होते. परंतु त्याने काही सांगितले नाही. अंगठा काढून तो म्हणाला, "इंगाय, दरवर्षी जवळून तू बघत आलीस. आम्ही तिघांनी तिचं काय काय केलं, तेही तुला दिसलंच असणार."

"दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही, कुया. जी विचारायची, तिला दिसत नव्हतं."

तेर्योने मान हलविली. "आता मी विचारतो. तीच आहे का?"

तीन भावंडे आणि एक वहिनी तिच्या तोंडाकडे पाहत होती. आत दात आहे की नाही, हे तिला आजही ठाऊक नव्हते. ओठ फौस्तिनाचे होते, नाक तेर्योचे होते, गालावर लियांद्रोच्या लगद्याचा ओलावा होता, आणि केस आईचे. लोलो सिक्स्तोंचे त्यात किती उरले होते, हे कोणत्या पटाशीने शोधायचे?

"तीच आहे," दोमिंगा म्हणाली.

तिचा स्वर किंचितही हलला नाही, आणि तेर्योने पटाशी पेटीत ठेवली.

मग पुरुषांना पुन्हा पडद्याबाहेर घालविण्यात आले. पास्तोराने जांभळा झगा झटकला, फौस्तिनाने चुण्या घातल्या. दोघी नणंद-भावजयींचे बोलणे बाजारातल्या माशांच्या भावापर्यंत आले, म्हणजे तात्पुरता तह झाला असे समजावे. दोमिंगाने टोप चढविला आणि नानायचे केस गाठीला स्पर्श करणार नाहीत असे मागे सारले. शेवटी त्रिमुखी कापड व्हेरोनिकेच्या बोटांवर पसरण्यात आले. टाचणी फौस्तिनाच्या हातात होती. तिने ती पाहिली, बहिणीकडे पाहिले, आणि पुढे केली.

"लाव. तुझ्यापाशी किल्ली आहे, टाचणीपण तूच लाव. कुया काही बोलला तर मी बघते." आणि मग, स्वतःला न राहवून, "पण इंगाय, पुढच्या वेळी ओठांचं काही करायचं झालं तर मला विचार हं. त्या धाकट्याला हात लावू देऊ नकोस."

दोमिंगाने टाचणी लावली.

दिवस कलताना गाड्याखालचा दोर तपासायला तेर्यो आत आला, तेव्हा खोलीत दोघेच होते. त्याने दोर ओढला. व्हेरोनिका मंदपणे वाकली, हात पुढे आले, कापड हलले, आणि ती पुन्हा सरळ झाली. त्याने दोनतीनदा तसे केले. तो काही बोलण्यासाठी रेंगाळत होता हे दोमिंगाला समजले, म्हणून ती दिव्याची काच पुसत बसली.

"इंगाय."

"हं."

"नाक." तो कुजबुजला, दाराकडे एक दृष्टी टाकून. "जास्तच तासलं मी तेव्हा. आज उजेडात बघितलं तर... डावीकडं किंचित भर घालायला पाहिजे. मी बातिकुलिंगचा जुना तुकडा ठेवलाय बाजूला. पुढच्या खेपेला मी आधी येईन. ह्या दोघांच्या आधी. पास्तोराला पण नाही सांगायचं. तू फक्त किल्ली दे."

दोमिंगाने काच दिव्यावर बसविली. गळ्यातली किल्ली तिच्या अंगाच्या उबेने गरम झाली होती. पुढच्या खेपेला तो येईल. मग फौस्तिना येईल, ओठांसाठी. मग लियांद्रो येईल, उघड्या गाठीचे काय करावे ते विचारायला. त्या त्या दिवशी दुसऱ्या दोघांना काय निमित्त सांगायचे, हे तिचे मन आताच ठरवू लागले होते, आणि त्याचे तिला थोडे भय वाटले.

"ये, कुया," ती हळूच म्हणाली. "तुझाच हात लोलोसारखा आहे. बाकीच्यांना कशाला सांगायचं?"